माउली, पट्टी जरा चढली

हिवरा आश्रमाच्या पंचक्रोशीत आजवर एखाद्या बुवांना 'तुम्ही बेसूर गायलात' असं कुणी तोंडावर सांगितल्याचं ऐकिवात नाही. इकडे कुणी बेसूर गात नाही, असा याचा अर्थ नव्हे. मेहकर तालुक्यातलं कुठलंही गाव घ्या आणि एकादशीच्या रात्री मारुतीच्या पारावर जाऊन बसा. सूर, ताल आणि शब्द या तिघांची रात्रभरात एकदा तरी गाठ पडेल, अशी हमी कुणी देणार नाही. पण भैरवी झाली, बुक्का लागला, चहा फिरला, की लोक बुवांच्या पाया पडून म्हणतात, "माउली, आज भाव लय होता." बुवा समजतात. भाव लय होता, म्हणजे सूर नव्हता. "माइक काही बरोबर नव्हता वाटते," असं कुणी म्हणालं तर माइक उत्तम होता आणि सगळं गावभर स्वच्छ ऐकू गेलं, हेच दुखणं. "कोठून आनली ही चाल?" हा प्रश्न आला तर उत्तर देऊ नये, विचारणाऱ्याने तो सिनेमा पाहिलेला असतो. आणि "पट्टी जरा चढली" ही या सगळ्यांतली सर्वांत जहाल टीका. ती करण्याचा अधिकार मंडळात एखाद्याच म्हाताऱ्याला असतो, आणि तोही ती टोपी काढून, डोकं खाजवत करतो.

तसं पाहिलं तर मराठी मुलखात गाण्यावर टीका करणाऱ्यांची वाण कधीच नव्हती. वामनराव देशपांडे व्यवसायाने चार्टर्ड अकाउंटंट. त्यांनी १९६१ साली 'घरंदाज गायकी' लिहून एकेका घराण्याचा जमाखर्च असा मांडला की गवयांनी आपापली वही उघडून पाहावी. त्याच्या आधी केशवराव भोळे 'एकलव्य' या टोपणनावाने नामांकित गायकांवर लिहीत. भोळ्यांचा जन्म अमरावतीचा, १८९६ सालचा. टीका करायची तर नाव झाकून करायची, यावरून तो माणूस आमच्या वऱ्हाडचा होता हे मला पटतं. पण या मंडळींना एक मोठी सोय होती. त्यांना खुर्ची होती. मैफल ऐकायची, घरी जायचं, रात्री कंदिलापाशी बसून लिहायचं. गवई सकाळी वाचेपर्यंत टीकाकार झोपलेला असे.

भजनात ती खुर्चीच नाही. पेटीवर बुवा, उजव्या हाताला मृदंग, मध्ये विणेकरी आणि दोन्ही बाजूंना टाळकरी. श्रोते म्हणून जे कुणी येतात त्यांच्या हातात पाच मिनिटांत कुणीतरी टाळ देतो, कारण रिकामा माणूस भजनात शोभत नाही. म्हणजे जो ऐकतो तोच गातो, जो गातो तोच मनात मोजत असतो, आणि ज्याच्यावर टीका करायची तो मांडीला मांडी लावून शेजारी बसलेला. शिवाय हातात काशाच्या दोन जड वाट्या. अशा परिस्थितीत माणसं जपून बोलतात.

बोलत नाहीत, पण वाजवतात. भजनातली खरी टीका गाणं चालू असतानाच होते, आणि ती ऐकायला कान थोडा तयार लागतो. बुवा सुरावरून घसरले की पेटीवाला (बुवा स्वतः पेटीवर नसतील तेव्हा) बरोबर त्या पट्टीवर बोट ठेवतो आणि भाता जोरात मारतो. बुवा जागेवर येईपर्यंत बोट उचलत नाही. कधी कधी ते बोट अख्खं कडवंभर तिथेच असतं. टाळकऱ्यांची तऱ्हा निराळी. बुवांचा आवाज फाटायला लागला की ते टाळ मोठ्याने मारू लागतात. नवख्याला वाटतं, रंग चढला. जाणकाराला कळतं, पांघरूण घातलं. धृपद उचलताना मागच्या रांगेतून अर्धाच आवाज आला, तर चाल पसंत पडलेली नाही. विणेकरी काहीच करत नाही. तो डोळे मिटतो. पण डोळे मिटण्याचेही दोन प्रकार असतात आणि कुठला चालू आहे ते बुवांना पाठमोरंसुद्धा कळतं.

सगळ्यांत निर्दय मृदंगवाला. बुवांनी आलाप फार लांबवला की तो लय एवढीशी वाढवतो. केसभर. बुवा भानावर आले तर ठीक, नाहीतर आणखी केसभर. चौथ्या कडव्यापर्यंत ज्ञानोबांची विराणी धुमाळीच्या बाहेर पडून लग्नाच्या वरातीत शिरलेली असते. मागाहून बुवा विचारतात, "लय कोन वाढवली?" मृदंगवाला शांतपणे म्हणतो, "तुमीच वाढवली बुवा, मी तं मागं मागं येत होतो." या भांडणाचा निकाल आजवर एकाही मंडळात लागलेला नाही.

टीका घेण्याची कलाही तितकीच मुरलेली आहे. कुणी पट्टीचा विषय काढायचा अवकाश, बुवांच्या बाजूने पहिला साक्षीदार म्हणून मृदंगाची कणीक उभी राहते. मृदंगाच्या डाव्या पानावर वाजवण्याआधी मळलेल्या कणकेची पोळी थापतात, त्यानेच तो घुमारा येतो. भजन संपलं की ती खरवडून काढतात. आता कणीक सैल मळली, कणीक सुकली, कणीक कमी पडली, कणकेत कोंडा होता, अशा जितक्या परी गृहिणीला चुलीपुढे ठाऊक नसतील तितक्या बुवांना ठाऊक असतात. कणीक निर्दोष सुटली तर थंडी. कोराडी धरणावरून पौषात जो वारा येतो त्याने भल्याभल्यांचा गळा धरतो, हे खरंच आहे. पण चैत्रातही बुवा त्याच वाऱ्याचं नाव घेतात. थंडीनंतर माइकवाला. माइकवाला कायम गैरहजर असतो, तो मशीन लावून जेवायला गेलेला असतो, म्हणून त्याच्यावर काहीही ढकलता येतं. आणि हे सगळं निकामी ठरलं की शेवटचं अस्त्र: "आपलं काय, वेडंवाकुडं गायचं. पांडुरंगाले चालते." यापुढे टीकाकाराला बोलता येत नाही. पांडुरंगाला चालतं आणि याला चालत नाही, म्हणजे हा कोण लागून गेला?

हा मुद्दा मला नेहमी अडतो. अठ्ठावीस युगं एका जागी उभं राहून ज्याने सगळ्यांचं ऐकलं, त्याचं नाव घेऊन सूर सोडायचा, हे काही बरं नव्हे.

बायकांच्या मंडळात मात्र कणीक आणि वारा चालत नाही, तिथे टीका वेगळ्या वाटेने येते. दुपारची भांडी झाली, की विठ्ठलाच्या देवळात सगळ्याजणी जमतात. एखादी नवी सून पुढे सरसावून गौळण म्हणते, बरी म्हणते. म्हणून झाल्यावर कोपऱ्यातली आजी पदर सावरत म्हणते, "तुही सासू हे गवळन लय गोड म्हने बाई." बस्स. एवढंच. ना पट्टी, ना ताल. ती सून पुढचे सहा महिने गौळण म्हणत नाही, आणि म्हणते तेव्हा सासूपेक्षा चांगली म्हणते. पुरुषांच्या मंडळात एवढं नेमकं बोलणारा माणूस मी पाहिलेला नाही.

हिवरा आश्रमचं नाव महाराष्ट्राच्या वर्तमानपत्रांत टीकेच्या संदर्भात एकदा फार मोठ्या अक्षरात छापून आलं होतं. २०१७च्या सप्टेंबरात ९१वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथल्या विवेकानंद आश्रमात होणार असं जाहीर झालं. आश्रमाचे संस्थापक शुकदास महाराज त्याच वर्षी निवर्तले होते. त्यांच्याविषयीचा वाद वर आला, अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्यांनी आक्षेप घेतले, बातम्या, प्रतिक्रिया, प्रतिक्रियांवर प्रतिक्रिया, आणि थोड्याच दिवसांत आश्रमाने आपण होऊन यजमानपद सोडलं. संमेलन फेब्रुवारी २०१८ मध्ये बडोद्याला झालं. त्यात कुणाचं बरोबर, कुणाचं चूक, यात मी शिरत नाही. तो विषय वेगळा, गंभीर आणि विनोदी लेखात न मावणारा. मी फक्त वेग मोजतो. साहित्यिकांच्या टीकेने मेहकर तालुक्यातलं संमेलन महिना उलटायच्या आत गुजरातेत जाऊन पोचतं. आणि आमच्या भजनी मंडळांत 'ही चाल अभंगाला शोभत नाही' यावर वर्षानुवर्षं वाद चालू आहे, त्यापायी एक भजन मारुतीच्या पारावरून उठून महादेवाच्या देवळापर्यंतसुद्धा गेलेलं नाही.

ज्यांच्या नावाने हा आश्रम आहे ते स्वामी विवेकानंद टीकेच्या बाबतीत भजनी मंडळात बसणारे नव्हते, हे आमच्यापैकी फार थोड्यांना माहीत आहे. स्वामीजी स्वतः तयारीचे गाणारे. तरुणपणी नरेंद्रनाथ दत्त असताना रीतसर तालीम घेतलेली, पखवाज आणि तबला वाजवायचे, आणि १८८७ साली वैष्णवचरण बसाक यांच्याबरोबर 'संगीत कल्पतरू' नावाचा बंगाली गीतांचा संग्रहही काढला. रामकृष्ण परमहंसांना या पोराची ओढ लागली ती आधी त्याच्या गाण्यामुळे. म्हणजे अधिकार निर्विवाद. १९०० साली बंगाली भाषेवर लिहिताना त्यांनी मध्येच गवयांना हाताशी धरलं. हल्लीचे गवई गातात, रडतात की भांडतात हे खुद्द भरतमुनींनाही ओळखता येणार नाही, असा त्या मजकुराचा आशय. 'भाव लय होता' वगैरे काही नाही.

पुढे बेलूर मठात एका शिष्याशी बोलताना तर त्यांनी खोल आणि करताल यांच्यावरच तोफ डागली. खोल म्हणजे बंगाली कीर्तनातला मातीचा मृदंग, करताल म्हणजे आपले टाळच. या वाद्यांच्या नादाने देश हळवा होऊन बसला, आता डमरू आणि नगारे घुमू द्या, धृपद गा, असं त्यांचं म्हणणं. आता गंमत पाहा. दर वर्षी पौष वद्य सप्तमीच्या सुमाराला त्यांचा जन्मोत्सव हिवरा आश्रमला भरतो. लाखाच्या घरात माणसं पंगतीला बसतात, ट्रॅक्टरमधून पुऱ्या आणि वांग्याची भाजी वाढत नेतात, आणि या सगळ्या सोहळ्यात टाळ-मृदंग अखंड चालू असतो. ज्या वाद्यांवर स्वामीजींचा रोष, तीच त्यांच्या वाढदिवसाला वाजतात. मी हे एका मृदंगवाल्याला सांगून पाहिलं. त्याने सुपारी कातरत ऐकून घेतलं आणि म्हणाला, "त्यांनी आपला मृदंग कुठं ऐकला? ते बंगालचा ऐकून बोलले." स्वामीजींना एवढं सहज निरुत्तर कुणी केलं नसेल.

अर्थात सरकारी टीकेपुढे स्वामीजी मवाळच म्हणायचे. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीलाच देशाबाहेर काढल्यासारखं केलं. पेटीचे सूर ठोकळेबाज, त्यात मींड निघत नाही, ती आपल्या गाण्याला परकी, हा आरोप. ही बंदी सैल व्हायला १९७१ साल उजाडलं. आक्षेपात तथ्य नव्हतं असं नाही, पेटीवर मींड निघत नाही हे पेटीवालाही कबूल करतो. पण या तीस वर्षांत आमच्याकडच्या भजनांत एक दिवस पेटी थांबली नाही. दिल्लीत कुणीतरी आपल्यावर एवढी मोठी टीका केली आहे हेच मंडळांपर्यंत पोचलं नव्हतं. टीका पचवण्याचा हाही एक उत्तम मार्ग.

कोकणात लोक याबाबतीत मोकळे आहेत, त्यांनी टीकेचाच खेळ करून टाकला. तिकडे डबलबारी असते. दोन बुवा, दोन मंडळं, समोरासमोर. एकाने गायचं, दुसऱ्याने त्याच्या गाण्यातली खोट काढून गाण्यातूनच उत्तर द्यायचं, आणि रात्रभर लोकांनी मांड्या ठोकत ऐकायचं. सिंधुदुर्गातून मुंबईला गेलेल्यांनी ती तिकडेही नेली, आणि लोक तिकीट काढून हे ऐकायला जातात. वऱ्हाडात डबलबारी भरवली तर काय होईल याची मला कल्पना आहे. पहिला बुवा गाईल, दुसरा उठेल, आणि माइक हातात घेऊन म्हणेल, "आत्ताच माउलींनी अतिशय सुंदर सेवा दिली." खेळ खलास.

आमच्याकडे त्याऐवजी स्पर्धा असते, खंजेरी भजनाची. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजेरीला जो मान दिला त्याला तोड नाही. यावलीच्या या माणसाने १९५५ साली जपानच्या धर्मपरिषदेपर्यंत आपला आवाज नेला. त्यांच्या मागे विदर्भात गावोगाव खंजेरी मंडळं झाली, आणि मंडळं झाली म्हणजे स्पर्धा आल्या, स्पर्धा म्हणजे परीक्षक आले. आता तरी परखड बोलणं ऐकायला मिळेल अशी आशा धरावी, तर परीक्षक उठतात आणि म्हणतात, "सर्वच मंडळं एकापेक्षा एक सरस होती. क्रमांक काढताना आमची फार दमछाक झाली." मग क्रमांक जाहीर होतात. ज्यांचा आला नाही ते मंडळ टेम्पोत खंजेऱ्या भरताना एकमुखाने सांगतं की परीक्षकांपैकी एक जण पहिल्या क्रमांकवाल्यांच्या गावचा जावई आहे. हे खोटं असतं असं नाही. आमच्याकडे कुणीही कुणाच्याही गावचा जावई निघू शकतो. पण आपला तिसरा खंजेरीवाला दुसऱ्या भजनात अर्धी मात्रा मागे पडला होता, हे टेम्पोतल्या कुणालाच आठवत नाही. परीक्षकाने तेवढी अर्धी मात्रा कागदावर लिहून मंडळाच्या हातात दिली असती, तर जावयाचा विषय निघालाच नसता.

या सगळ्या वादांचा राजा म्हणजे चालीचा वाद. अभंगाला सिनेमाची चाल लावावी की नाही. इथे मात्र टोपी काढून डोकं खाजवणारेही आवाज चढवतात. तरुण पोरांचं म्हणणं, चाल ओळखीची असली की माणसं धृपद लगेच उचलतात, मांडव भरतो, बसल्याजागी पेंगणारेही मान हलवतात. म्हाताऱ्यांचं म्हणणं, माणसं मान हलवतात ती तुकोबांसाठी नाही, त्या नटीसाठी. दोन्ही बाजू मला पटतात, त्यामुळे मी दोन्हीकडून शिव्या खातो. सिनेमाच्या चालीत अभंग बसवताना तुकोबांचा शब्द कुठेतरी मोडतो, ऱ्हस्वाचं दीर्घ होतं, 'विठ्ठल' नको तिथे ताणला जातो, हे खरं. आणि जुन्या चालीही कधीतरी कुणीतरी नव्यानेच लावल्या होत्या, हेही खरं.

पण या वादात म्हाताऱ्यांच्या बाजूला एक मोठं भगदाड आहे आणि ते त्यांना कुणी दाखवत नाही. प्रभातचा 'संत तुकाराम' १९३६ साली आला. विष्णुपंत पागनीस तुकाराम झाले होते, संगीत केशवराव भोळ्यांचं, तेच अमरावतीचे 'एकलव्य'. त्या सिनेमासाठी शांताराम आठवल्यांनी एक अभंग स्वतः लिहिला. तो इतका जमला की लोक तो गाथ्यात शोधत बसले. तो आजही भजनांत म्हटला जातो, आणि सिनेमाच्या चालीवर कडाडून तुटून पडणारे बुवा पंचपदी झाल्यावर डोळे मिटून तोच आळवतात. म्हणजे शब्द सिनेमाचे, चाल सिनेमाची, आणि वर पावित्र्याचा आग्रह. हे त्यांना सांगण्याचं धाडस एका कॉलेजात शिकणाऱ्या पोराने केल्याचं मला माहीत आहे. बुवा रागावले नाहीत. त्याच्याकडे मायेने पाहत म्हणाले, "लेका, सिनेमावाल्यानं तुकोबाचा चोरला असंन." त्या दिवशी मला कळलं की टीका घेण्यात या माणसाचा हात धरणारा कुणी नाही.

मोबाइल आल्यापासून मात्र एक नवा टीकाकार मंडळात शिरला आहे आणि तो कुणाच्याही गावचा जावई नाही. कुणीतरी भजन रेकॉर्ड करतो, दुसऱ्या दिवशी ओट्यावर बसून सगळे ऐकतात. लय कुणी वाढवली ते स्वच्छ ऐकू येतं. अर्धी मात्रा कुणाची चुकली तेही. सगळे गप्प होतात. मग बुवा म्हणतात, "मोबाइलात आवाज बदलून येते." सगळे सुटकेचा श्वास सोडतात. मृदंगवाला सर्वांत मोठा.

असो. आता थोडं मागे जाऊ, कारण संतांच्या घरात टीका कशी चालायची ते पाहिल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. आमच्या कीर्तनकारांच्या तोंडी गोरोबाकाकांची गोष्ट असते. सगळे संत जमलेले. मुक्ताबाई थापटणं उचलून विचारते, हे काय? काका म्हणतात, मडकी कच्ची की पक्की ते याने कळतं. मग म्हणते, आमची मडकीही बघा. काका उठले आणि एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत निघाले. सगळे गुपचूप बसले. नामदेवांच्या डोक्यावर बसलं आणि ते उसळले. काका म्हणाले, हे एक कच्चं. मला नेहमी वाटतं, परीक्षा थापटण्याच्या आवाजाची नव्हतीच. ज्याने टीका झाल्यावर तोंड उघडलं तो नापास. नामदेव रुसून पंढरपूरला गेले, विठ्ठलाकडे तक्रार केली, आणि विठ्ठलाने 'पांडुरंगाले चालते' असं म्हणायचं सोडून त्यांना औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे पाठवलं, गुरू कर म्हणून. औंढा आमच्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात आहे. तेव्हा पांडुरंगाला सगळं चालतं असं म्हणणाऱ्या बुवांनी एकदा तिकडे जाऊन यावं, एसटी आहे.

दुसरी गोष्ट तुकोबांची. वाघोलीच्या रामेश्वर भट्टांनी त्यांच्या अभंगांवर जेवढी कडक टीका केली तेवढी मराठीत कुठल्याच समीक्षकाला जमलेली नाही. वह्याच इंद्रायणीत बुडवायला लावल्या. पुढे तेच तुकोबांचे झाले, आणि तुकोबांच्या मागे उभे राहणारे जे चौदा टाळकरी परंपरेने मोजतात, त्यांत रामेश्वर भट्टांचंही नाव येतं. रोज संध्याकाळी ते टाळ घेऊन उभे असतील तेव्हा तुकोबांची एखादी जागा निसटली तर ते काय करत असतील, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. माझा तर्क असा, की टाळ मोठ्याने मारत असतील.

इतक्या सगळ्या आडवळणी टीकेचं खरं नुकसान कुणाचं होतं, तर नव्या पोरांचं. मुरलेल्या बुवांना 'भाव लय होता' याचा अर्थ कळतो. चौदा वर्षांच्या पोराला कळत नाही. तो पहिल्यांदा रूपाचा अभंग म्हणतो, पट्टी सोडून म्हणतो, लोक पाठ थोपटतात, "वा रे पठ्ठ्या, नाव काढशील!" दुसऱ्या एकादशीला तो आणखी वर चढवतो. तिसऱ्या एकादशीला त्याच्या बापाला पेटीवाला कोपऱ्यात घेऊन सांगतो की पोराला जरा अभ्यासाला बसवा. पोरगं भजनातून उठतं आणि आपण का उठलो हे त्याला जन्मभर कळत नाही. त्याच वयात कुणीतरी शेजारी बसवून सांगितलं असतं, बाळा, काळी चारमध्ये तुझा गळा जात नाही, काळी एकमध्ये म्हण, कोण हसतंय ते मी बघतो, तर आज त्या गावाला एक गाणारा मिळाला असता. शेगावच्या पालखीत टाळकऱ्यांची रांग एका रेषेत चालते, त्या शिस्तीचे गोडवे आम्ही सगळे गातो. ती शिस्त कुणीतरी कुणालातरी 'पाय चुकला' असं उघड सांगितल्याशिवाय आली असेल का?

मोठ्या बुवांना आहे तसं राहू द्यावं, ते आता बदलणार नाहीत आणि त्यांच्या भावात खोट नाही. पोरांना मात्र सूर चुकला तर सूर चुकला असं सरळ सांगावं. प्रेमाने, पण त्याच शब्दांत.

ता. क. आमच्या बाजूच्या बऱ्याच मंडळांना मृदंगवाला हवा आहे. जुने थकले, पोरं डीजेकडे वळली. वाजवता येत असेल तर एकादशीच्या रात्री कुठल्याही पारावर या, ओळख लागत नाही, कणकेची सोय मंडळ करतं. लय तुम्हीच वाढवली असं म्हणतील. ऐकून घ्या.